शॉर्टवेव्ह, बाहेरची तार आणि अर्थिंग: कोणाचं ऐकू?

लघुलहर

नमस्कार मंडळी. शॉर्टवेव्ह रेडिओ ऐकायला अँटेना म्हणून गच्चीच्या कठड्यापासून आवारातल्या झाडापर्यंत साधारण २० मीटर तार ओढली आहे. कठड्याच्या टोकाला ९:१ चा ट्रान्सफॉर्मर (तार आणि केबल यांचा मेळ बसवणारी डबी), तिथून कोएक्स (मधे एक तार, भोवती धातूची जाळी अशी केबल) भिंतीवरून खाली आणि खिडकीतून आत, आत यूएसबीवर चालणारा एसडीआर, म्हणजे कॉम्प्युटरच्या मदतीने चालणारा रेडिओ. कधी डेस्कटॉपला लावतो, कधी लॅपटॉपला. रात्री शॉर्टवेव्हचे ४९ आणि ३१ मीटर तरंगलांबीचे पट्टे (बँड) झकास येतात, त्याबद्दल तक्रार नाही.

डोकं फिरलंय ते सल्ल्यांनी. एक जण म्हणतो खिडकीखाली जमिनीत अर्थिंगचा रॉड ठोक, कोएक्सची जाळी त्याला बांध, काम संपलं. दुसरा म्हणतो अर्थ अजिबात देऊ नकोस, आकाशातली वीज ओढून घेशील. तिसरा म्हणतो गॅस ट्यूबवाला अरेस्टर (व्होल्टेज फार चढलं की ते अर्थकडे वळवणारा भाग) लाव आणि निवांत झोप.

आणखी दोन गोष्टी, यांचा मूळ प्रश्नाशी संबंध आहे की नाही कळत नाही. लॅपटॉप चार्जरवर असताना कोएक्सच्या कनेक्टरला हात लागला की बारीक झिणझिण्या येतात. डेस्कटॉपला लावलं की झिणझिण्या बंद, पण ६ मेगाहर्ट्झच्या आसपास खरखर वाढते. रॉड अजून ठोकलेला नाही. ठोकू का?

रानवारा

वाचतोय. माझाही हाच घोळ आहे, फक्त तार छोटी.

अर्थशास्त्री

ठोका, पण तो रॉड एकटा सोडू नका. का ते सांगतो, जरा लांबेल.

अर्थिंगकडून आपण तीन निरनिराळी कामं करून घ्यायला बघतो. उपकरणाची बॉडी चुकून फेजला चिकटली तर ब्रेकर उडावा, हे पहिलं. ते थ्री-पिन प्लगमधल्या अर्थच्या तारेचं काम, रिसेप्शनशी त्याचा संबंध नाही. दुसरं आरएफचं, म्हणजे रेडिओ सिग्नलचं. एका टोकाकडून सिग्नल घेतलेल्या तारेला जोडीला दुसरी बाजू लागते, आणि ती गरज जमिनीवर पसरलेल्या दोनचार तारांनीही भागते. तिसरं आकाशातल्या विजेचं. हे तिसरं काम लोकांना सगळ्यात सोपं वाटतं आणि घोटाळा तिथेच होतो.

आकडे बघा. सर्वसाधारण विजेचा प्रवाह ३० हजार अँपिअरच्या घरात असतो. १०० ओहम-मीटर रोधकतेच्या मातीत २.४ मीटरचा रॉड ठोकला तर त्याचा रोध ४० ओहमच्या आसपास येतो. गुणाकार केला की १२ लाख व्होल्ट. प्रत्यक्षात एवढ्या दाबाला रॉडभोवतीच्या मातीत ठिणग्या पडतात आणि रोध थोडा उतरतो, पण हिशेबाचा आवाका बदलत नाही. तो रॉड त्या क्षणी शून्यावर नसतो. भरतीला बंदरातल्या सगळ्या होड्या एकदम वर चढल्या तर त्यांच्यातले दोर सैलच राहतात. एखादी होडी तळाला जखडलेली असली की तिचा दोर तुटतो. आपल्याला घरातलं सगळं धातूकाम एकदम वर जायला हवं आहे.

आता तुमची जोडणी. रॉड खिडकीखाली, कोएक्सची जाळी त्याला. डेस्कटॉपचा अर्थ थ्री-पिनमधून घराच्या अर्थला. मधे एसडीआर. त्याच्या अँटेना सॉकेटची बाहेरची कड आणि यूएसबीचं कवच आतून एकच असतात, मल्टिमीटर लावून पाहा. म्हणजे बाहेरचा रॉड आणि घराचा अर्थ जोडायचे की नाही हा प्रश्न तुमच्या हातात उरलेलाच नाही. ते जोडलेले आहेत, आणि मधला दुवा आहे यूएसबीची बारीक केबल. बाहेरचा रॉड काही लाख व्होल्ट वर गेला आणि घराचा अर्थ खाली राहिला तर तो फरक तिच्यातूनच वाहणार. अशा वेळी एकटा रॉड नसलेला परवडला.

म्हणून रॉडपासून घराच्या मुख्य अर्थपर्यंत जाड तांब्याची तार न्यायची, घराबाहेरून. अमेरिकेच्या एनईसी नियमावलीत ८१० वं कलम खास अँटेनांसाठी आहे. तिथे अँटेनाचा वेगळा रॉड असेल तर तो घराच्या अर्थला निदान ६ गेज तांब्याने, म्हणजे सुमारे १३ चौरस मिलिमीटरने, जोडणं सक्तीचं आहे. मी १६ चौरस मिलिमीटरची वापरायला सांगेन. मेन बोर्डाकडच्या टोकाची जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

सांजवेळ

अहो पण मुळात अर्थ दिल्यामुळे वीज आपल्या तारेकडे येत नाही का? आमच्याकडे मोठी माणसं सरळ तार काढून ठेवायची.

अर्थशास्त्री

ढगातून उतरणारी वीज किलोमीटरभर आधी तुमची जोडणी बघून वाट ठरवत नाही. उंची आणि आजूबाजूला काय आहे यावरच बहुतेक ठरतं. जमिनीच्या अगदी जवळ आल्यावर ती वर आलेल्या टोकांशी जुळते, आणि त्या टप्प्यावर ओलं झाड, भिंत, पाण्याची टाकी, सगळेच तिच्या लेखी जमिनीला जोडलेले. अर्थ नसलेली तारही तेवढीच सापडते. फरक नंतर पडतो: अर्थ नसेल तर तिला पुढची वाट तुमच्या टेबलावरून काढावी लागते.

याचं जुनं उदाहरण आहे. १७५३ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये गेओर्ग रिखमान हा शास्त्रज्ञ ढगातली वीज मोजत होता. छपरावरच्या लोखंडी कांबीची तार त्याने खोलीत आणली होती, आणि मापन करता यावं म्हणून ती जमिनीपासून मुद्दाम अलग ठेवली होती. वादळात उपकरण बघायला तो पुढे वाकला आणि जागीच गेला. त्या कांबीला 'अर्थ न दिलेली अँटेना' म्हणायला हरकत नाही.

तार काढून ठेवणं योग्यच, पण कुठे काढता याला महत्त्व आहे. त्यावर खाली कोणीतरी लिहीलच.

तारकशी

मी लिहिते. खोलीत कोएक्स काढून टेबलाच्या कडेला लोंबती ठेवणं किंवा काचेच्या बाटलीत खुपसणं, हे दोन्ही मी पाहिलं आहे. ज्या विजेने ढगापासून इथपर्यंत हवा फोडली तिला बाटलीचं काय? मोकळं टोक खोलीत असेल तर ठिणगी खोलीतच पडणार.

काढायची जागा घराबाहेर. कोएक्स जिथून भिंतीत शिरते तिथे पावसापासून झाकलेली एक पेटी, आत तांब्याची किंवा पितळेची पट्टी, पट्टीवर आरपार सॉकेट. बाहेरची कोएक्स बाहेरून, आतली आतून. पट्टीपासून रॉडपर्यंतची तार शक्य तितकी आखूड आणि सरळ. ढग जमायला लागले की आतली कोएक्स पट्टीवरून सोडवायची, बाहेरच्या कोएक्सवर शॉर्टिंग टोपी (मधली तार आणि जाळी एकमेकींना जोडणारी) चढवायची. आत रेडिओचा प्लग, यूएसबी आणि लॅनची केबलही काढायची. नुसती अँटेना काढून भागत नाही, व्होल्टेजची लाट घराच्या वीजपुरवठ्याच्या लाइनीवरूनही येते.

आणि हे सगळं आधी. गडगडाट साधारण १५ किलोमीटरपर्यंत ऐकू येतो आणि वीज ढगापासून तेवढ्या अंतरावर पडू शकते. म्हणजे ऐकू आला तेव्हाच उशीर झालाय. तेव्हा पेटीशी हात घालू नका, घरात राहा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या.

तार सरळ ठेवायचं कारण: सरळ तारेलाही मीटरमागे सुमारे १ मायक्रोहेन्री प्रेरकत्व (प्रवाहातल्या बदलाला विरोध करण्याचा गुण) असतं. प्रवाह मायक्रोसेकंदाला १० हजार अँपिअरने चढत असेल तर मीटरमागे १० हजार व्होल्ट. ५ मीटरची वळणं घेत गेलेली तार म्हणजे दोन टोकांत ५० हजार. काटकोनात वाकवण्याऐवजी मोठी कमान द्या, २० सेंटीमीटर त्रिज्येची तरी. उरलेली तार गुंडाळी करून ठेवू नका, कापून टाका.

रोखठोक

थेट वीज पडली तर यातलं काहीही वाचत नाही. उगाच तांब्यावर खर्च. तार काढा, संपला विषय.

तारकशी

रेडिओ वाचेल असं मी म्हटलेलं नाही. थेट पडली तर घर आणि माणसं वाचावीत एवढ्यासाठी ती पट्टी. पण जवळपास पडणाऱ्या विजा थेट पडणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त असतात. शेदोनशे मीटरवर पडली तरी २० मीटरच्या तारेत आणि घराच्या वायरिंगमध्ये शेकडो-हजारो व्होल्टची लाट उठते. तिथे हा तांब्याचा खर्च वसूल होतो. आणि घरी कोणी नसताना आलेल्या वादळाचं काय? तेव्हा तार कोण काढणार?

खरखर

सुरक्षिततेचं पटलं. पण @अर्थशास्त्री काका, ऐकण्याची वाट लागते त्याचं काय? घराच्या अर्थवर फ्रिज, एलईडी दिवे, इन्व्हर्टर, चार्जर, सगळ्यांची घाण फिरत असते. कोएक्सची जाळी त्याला बांधली की तीच घाण जाळीच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून थेट अँटेनाच्या बुडाशी. मूळ धाग्यात डेस्कटॉप लावल्यावर खरखर वाढते म्हटलंय ती हीच. मी म्हणूनच अँटेनाचा रॉड घराच्या अर्थपासून लांब आणि वेगळा ठेवतो.

अर्थशास्त्री

अरे, निदान बरोबर आहे, औषध चुकतंय. जाळी घराच्या अर्थला आधीच जोडलेली आहे, यूएसबीतून, हे वर झालं. तू तोडतोस तो बाहेरचा जाड दुवा, आतला बारीक तसाच राहतो. शिवाय रॉड घराच्या अर्थशी न जोडल्यामुळे त्या घाणीला पट्टीपाशी उतरायला सोपी वाट नाही. ती नाइलाजाने वर अँटेनाकडे जाते.

झिणझिण्यांचं मूळही याच गावात आहे. दोन पिनांच्या चार्जरमध्ये मेन्सची बाजू आणि बाहेरची बाजू यांच्यात एक छोटा कपॅसिटर असतो. अर्थ नसला की त्यातून लॅपटॉपची बॉडी मेन्सच्या जवळपास निम्म्या व्होल्टेजवर तरंगते. प्रवाह अगदी थोडा, म्हणून झिणझिण्यांवर भागतं. चार्जरच्या स्विचिंगचा गोंगाटही तोच कपॅसिटर बाहेर आणतो. पट्टी अर्थला बांधली की झिणझिण्या जातील. हात लागल्यावर सणसणीत झटका बसला तर मात्र चार्जर बदला, तो कपॅसिटरचा गळका प्रवाह नव्हे.

खरखरीचा इलाज कॉमन मोड चोक, म्हणजे चुंबकीय रिंगवर केबलचे वेढे. ३१ नंबरच्या फेराइटची ६१ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाची रिंग, त्यावर बारीक कोएक्सचे १० ते १२ वेढे. एचएफच्या, म्हणजे शॉर्टवेव्हच्या, बऱ्याच भागात काही हजार ओहमचा अडथळा मिळतो. कोएक्सच्या आतल्या सिग्नलला तो जाणवतही नाही, बाहेरच्या पृष्ठभागावरून चालणारी घाण मात्र अडते. एक चोक पट्टी आणि रेडिओच्या मधे, दुसरा पट्टी आणि अँटेनाच्या मधे, अँटेनाच्या टोकाला. पट्टीवर अर्थ, दोन्हीकडे चोक: घाणीला जमिनीत जायला सोपी वाट आणि वर चढायला अवघड. सुरक्षितता आणि शांतता यांचं भांडण बहुतेक वेळा चोक नसल्यामुळे लागतं.

खरखर

हम्म. आणि माझी तार जिथून सुरू होते ते घरापासून १२ मीटरवर आहे, तिथे रॉड ठेवला तर?

अर्थशास्त्री

ठेव ना. तिथे दोन वेगळ्या गुंडाळ्यांचा ट्रान्सफॉर्मर लाव: तारेकडची बाजू त्या रॉडला, कोएक्सकडची बाजू जाळीला, दोघांचा धातूचा संबंध नाही. जाळीला अर्थ घराच्या पट्टीवर. रिसेप्शन स्वच्छ राहतं. पण तो रॉडही उघड्या तांब्याच्या तारेने जमिनीतून पट्टीच्या रॉडशी जोड. मातीतून गेलेल्या उघड्या तारेने माझ्याकडे गोंगाट वाढलेला नाही, आणि वाटेत ती स्वतःच अर्थचं काम करते.

गॅलरीतली

चांगला धागा, वाचनखूण साठवली. माझी केस वेगळी: पाचवा मजला, गॅलरी, खाली जमिनीपर्यंत तार नेणं अशक्य. ग्रिलला बांधू? की गॅसच्या पाइपला?

तारकशी

ताई, गॅसच्या पाइपला कदापि नाही. पाण्याच्या पाइपवरही विसंबू नका, मधे कुठेतरी प्लास्टिकचा तुकडा असतोच. न्यूट्रलला तर अजिबात नाही; लाइनवर न्यूट्रल तुटला की तो सगळा धातू फेजवर येतो. ग्रिल भिंतीत नुसतं रोवलेलं असतं, ते अर्थ नव्हे.

आणि पाचव्या मजल्यावरून खाली तार नेली असती तरी आरएफसाठी तिचा भरवसा नव्हता. साधारण १५ मीटर उंची, म्हणजे ५ मेगाहर्ट्झला बरोबर पाव तरंगलांबी. खाली पक्का अर्थ असला तरी वरच्या टोकाला तो मोठ्या अडथळ्यासारखा दिसतो आणि ती तारच अँटेना बनून सगळ्या मजल्यांचा गोंगाट गोळा करते.

गॅलरीसाठी साधारण १ मीटर व्यासाचा लूप (गोल कड्यासारखी अँटेना) घ्या, अँप्लिफायरवाला. त्याला अर्थच लागत नाही, आणि फिरवला की एखादा गोंगाट कोनात पकडून मारताही येतो. गॅलरीच्या छताखाली, कठड्याच्या आत ठेवला तर उघड्या गच्चीवरच्या तारेपेक्षा विजेचा धोकाही कमी. गडगडाटाआधी केबल काढायची हे तुम्हालाही लागू. इमारतीला वीजवाहक (आकाशातली वीज जमिनीत नेणारी पट्टी) असेल तर त्याच्या पट्टीला स्वतःहून काही बांधू नका आणि अँटेना त्याच्यापासून लांब ठेवा.

रानवारा

गॅस ट्यूबवाल्या अरेस्टरबद्दल कोणी बोललं नाही.

ओहमकार

तो लावावा, पण निवांत झोपण्यासाठी नाही. रिसीव्हरसाठी ९० व्होल्टची ट्यूब मिळते. हे ९० हळूहळू चढणाऱ्या व्होल्टेजचे. लाट झपाट्याने आली तर ट्यूब पेटायच्या आत व्होल्टेज काहीशे व्होल्टांवर गेलेलं असतं, आणि एसडीआरच्या तोंडाशी बसलेल्या ट्रान्झिस्टरला तेवढं पुष्कळ झालं. म्हणून ट्यूब पट्टीवर, आणि आत रेडिओपाशी उलटसुलट जोडलेले १एन४१४८ डायोड. जवळपास मीडियम वेव्हचं तगडं केंद्र असेल तर एकेका डायोडची जोडी अर्ध्या व्होल्टला वाहू लागते आणि बँडभर भुताटकीची स्टेशनं उगवतात. मग प्रत्येक दिशेला दोन-तीन डायोड एकापुढे एक.

विजेच्या बोर्डात लाटेपासून बचावाला लावतात तो एमओव्ही नावाचा भाग अँटेनावर नको. त्याची धारिता (कपॅसिटरसारखा चार्ज साठवण्याचा गुण) शेकडो पिकोफॅरड असू शकते, सिग्नलच गिळतो. ट्यूबची एखाद-दोन पिकोफॅरड.

ढग नसतानाही एक शत्रू असतो. कोरडा वारा, धूळ, पावसाचे थेंब यांनी मोकळ्या तारेवर स्थिर विद्युत साठते. अशी तार हाताने उचलून छोट्या पोर्टेबलच्या टेलिस्कोपिक अँटेनाला चिमटा लावला की आतला पहिला ट्रान्झिस्टर गेला म्हणून समजा. आधी तार अर्थला टेकवा, मग चिमटा. कायमचा उपाय म्हणजे तार आणि अर्थ यांच्यात १०० किलोओहमचा, २ वॉटचा रेझिस्टर. @लघुलहर, तुमच्या ९:१ च्या डबीत तारेचा स्क्रू आणि कोएक्सची जाळी यांच्यात मल्टिमीटर लावा. शून्याजवळ आलं तर गुंडाळी एकच आहे, चार्ज आपोआप उतरतो, रेझिस्टर नको. काहीच आलं नाही तर गुंडाळ्या वेगळ्या, मग रेझिस्टर हवा.

व्हॉल्व्हवाले

मधेच घुसतो, पण हे इथे असायलाच हवं. जुने एसी-डीसी व्हॉल्व्ह सेट, ज्यांत मेन्सचा ट्रान्सफॉर्मरच नसतो, त्यांना वरचं काहीही करू नका. त्यांची चॅसी (धातूचा सांगाडा) मेन्सच्या एका तारेला थेट जोडलेली असते. दोन पिनांचा प्लग उलटा बसला की चॅसी फेजवर. अशा चॅसीला अर्थ बांधलात तर नशीब चांगलं असेल तर फ्यूज उडेल. अँटेनाच्या सॉकेटमागे एक जुना कपॅसिटर तेवढा मधे उभा असतो, आणि इतक्या वर्षांनी तो गळत नसेलच असं नाही. आधी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, तो कपॅसिटर सुरक्षा दर्जाचा नवीन, मगच बाहेरची तार. ट्रान्सफॉर्मरवाल्या सेटना ही भीती नाही. मागे अर्थचा स्क्रू असतो तो त्यासाठीच दिलेला.

रोखठोक

बरं, मानलं. रॉडचा रोध मोजायचा कसा? मल्टिमीटरने होईल?

अर्थशास्त्री

मल्टिमीटरने नाही, मातीतल्या रासायनिक व्होल्टेजमुळे तो काहीही दाखवतो. अर्थ टेस्टर लागतो. एक खुंटी लांब रोवून तिच्यातून प्रवाह सोडायचा, दुसरी रॉडपासून त्या अंतराच्या ६२ टक्क्यांवर रोवून व्होल्टेज घ्यायचं. मोजताना रॉड बाकीच्या जोडणीतून सोडवलेला हवा. आकडा जास्त आला तर दुसरा रॉड ठोका, पण निदान रॉडच्या लांबीच्या दुप्पट अंतरावर. शेजारीशेजारी ठोकले तर फारसा फायदा नाही. मीठ टाकून रोध उतरतो खरा, पण पाण्याबरोबर ते वाहून जातं आणि तोवर रॉड खातं. बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) बरं.

मात्र आकड्याच्या फार मागे लागू नका. ४० चे २० ओहम झाले तरी १२ लाखांचे ६ लाखच होणार. एकत्र बांधणी झालेली असेल तर ४० सुद्धा चालेल.

लघुलहर

सगळ्यांचे आभार. डबीत मल्टिमीटर लावला, शून्याजवळ आलं, म्हणजे रेझिस्टर वाचला. आता बेत असा: खिडकीखाली पेटी, पितळेची पट्टी, तिच्यावर आरपार सॉकेट आणि ९० व्होल्टची ट्यूब. पट्टीपासून सरळ खाली रॉड. रॉडपासून मेन बोर्डाच्या अर्थपर्यंत १६ चौरस मिलिमीटरची तार भिंतीबाहेरून, वायरमन जोडून देईल. दोन चोक. कनेक्टरवर सिलिकॉन. काही राहिलं?

तारकशी

आंबूस वासाचं सिलिकॉन नको, सुकताना त्यातून ॲसिटिक ॲसिड सुटतं आणि तांबं हिरवं पडतं. स्वतःला चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा. कोएक्स पेटीत शिरण्याआधी खाली झोळ द्या, पाणी तिथून ठिबकेल. क्लॅम्प तांब्याला चालणारे घ्या. तांबं आणि जस्तवाला क्लॅम्प एकत्र ओले राहिले की जस्त झडतं. आणि रॉड ठोकण्याआधी खाली कुठली केबल किंवा पाइप जातो ते विचारून घ्या.

एक विचारायचं राहिलं: ती २० मीटरची तार तुटली तर कुठे पडेल? वाटेत विजेची लाइन आहे का?

लघुलहर

लाइन आहे, पण झाडाच्या पलीकडे, सातआठ मीटरवर.

तारकशी

मग झाडाच्या टोकाला तुटली तर तार कठड्याकडेच लोंबेल, ठीक. पण कठड्याकडून सुटली तर झाडाला टांगलेली २० मीटर वाऱ्यावर हेलकावे खाणार, आणि सातआठ मीटर तिच्या टप्प्यात आहेत. दिशा बदला, किंवा तार एवढी आखूड करा की कुठूनही सुटली तरी लाइनपर्यंत पोहोचणार नाही. हे रॉडच्या आधी करा.

लघुलहर

आवाराच्या दुसऱ्या बाजूला खांब उभा करता येईल. तिकडे १४ मीटरच मिळतात.

खरखर

१४ पुष्कळ झाले. ४९ मीटर बँडला फरक कळणारही नाही.